मागं किती जण?

१

जुन्या गाड्यांच्या धंद्यात माणसाला टोपणनाव चिकटतं ते बहुतेक त्याच्या लबाडीवरून. पलीकडच्या गल्लीत एक 'रंगारी' होता, त्याच्यापुढं एक 'मीटरवाला'. त्यांचं कसब नावातच आलं. आपल्या शेठना मात्र अख्खा बाजार 'मावेलशेठ' म्हणायचा, आणि त्यात लबाडी नव्हती. निदान त्यांना तरी ती ठाऊक नव्हती.

शेठची रीत अशी, की गिऱ्हाईक आत आलं की बाकीचे विचारतात तसं 'किती बसेल खिशाला' हे विचारायचं नाही. पाणी द्यायचं, बसवायचं आणि विचारायचं, "घरात माणसं किती?" जो आकडा येईल तो एका जाडजूड वहीत, गाडीच्या नंबरापुढं लिहायचा. मग बाहेर नेऊन छोटीच्या टपावर थाप मारायची आणि म्हणायचं, "मावेल! सगळे मावतात हिच्यात."

छोटी म्हणजे ती छोटी, घरगुती गाडी. चार दारं, इंजिन एवढंसं, समोरचा भाग शाळेच्या कंपासपेटीसारखा साधा. कंपनीनं तिच्यानंतर दहा मॉडेलं काढली आणि त्यातली नऊ गुंडाळली, छोटी मात्र तीस वर्षं चाललीच आहे. लोक म्हणतात तेल कमी पिते, सुटे भाग कुठंही मिळतात. शेठ म्हणायचे, "ते सगळं खरं, पण मुख्य म्हणजे ती त्रास देत नाही. घरातली एखादी सून अशी असते बघा, आहे की नाही कळत नाही, पण नसली तर घर अडतं." एकदा एक बँडवाला त्याचा ढोल मोजून आला होता. ढोलही मावला. मागच्या सीटवर तिरका, मधे, आणि दोन्ही बाजूंना दोन ताशेवाले. हा किस्सा शेठनी हजार वेळा तरी सांगितला असेल. अलीकडं मात्र सांगताना मधेच थकायचे. गुडघे गेलेले, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. धंदा आपला सवयीनं चालू होता.

त्या मंगळवारी सकाळी साडेअकराला मास्तर आणि त्यांची बायको गाडी परत द्यायला आले. चौदा वर्षांपूर्वी इथूनच नेलेली छोटी, सोन्यासारखी ठेवलेली.

"विकायची म्हणता मास्तर? अहो, जीव लावलाय तुम्ही तिला."

"डोळे साथ देत नाहीत शेठ. परवा एका गाईला माणूस समजून हॉर्न दिला, आणि नंतर एका माणसाला गाय समजून थांबलो. तो रागावला."

शेठ हसले आणि सवयीनं वही ओढली. मास्तरांच्या नंबरापुढं चौदा वर्षांपूर्वीचा शेठच्याच हातचा आकडा होता: दोन. मूलबाळ नव्हतं त्यांना, बाजाराला ठाऊक होतं.

"आता घरात माणसं किती?"

"तिघं," मास्तर म्हणाले.

"अरे वा! कोण आलं राहायला? भाचा?"

"छे हो. आमच्याकडे कोण येणार? आम्ही दोघंच."

"मग तिघं म्हणालात?"

"दोघंच म्हणालो."

"तिघं म्हणालात तुम्ही," बाई मधेच म्हणाल्या आणि स्वतःशीच हसल्या. "गंमत म्हणजे मलाही त्यात काही चुकलंसं वाटलं नाही."

२

म्हातारपणी जीभ घसरते. शेठची स्वतःची घसरायची, लेकीला हाक मारताना बायकोचं नाव तोंडात यायचं. तेवढ्यावर सोडून दिलं असतं, पण दुपारी काचेच्या केबिनमध्ये बसल्या बसल्या त्यांनी वही उलटी चाळायला घेतली.

छोट्या विकत गेल्या तेव्हाचा आकडा आणि परत आल्या तेव्हाचा आकडा. चारचे पाच. तीनचे चार. पाचचे सहा. आता यात नवल काय? माणसं लग्नं करतात, पोरं होतात, गावाकडची आजी येऊन राहते. शेठनी स्वतःला हे तीन वेळा समजावलं. मग त्यांना शिंपीणबाई सापडली. एकटी बाई, कपड्यांचे गठ्ठे पोचवायला छोटी घेतली होती. नेताना एक, आणताना अजून एकटीच, तरी दोन. मग बँकेतला कारकून सापडला. नेताना चार. पुढं दोन्ही मुलगे परदेशी गेले ते गेलेच. आणताना दोन लिहायला हवे होते, तिथं शेठच्याच अक्षरात तीन होते.

मोठ्या गाड्यांची पानं त्यांनी मुद्दाम पाहिली. तिथं आकडे वर जायचे, खाली यायचे, जसं जगात होतं तसं. छोटीच्या पानांवर मात्र असायला हवा त्याच्यापेक्षा एक जास्त. लिहिताना कधी खटकलं नव्हतं. त्यांनाही 'चुकलंसं वाटलं नव्हतं'.

रस्त्यापलीकडं मिस्त्रीचं दुकान. टायरमध्ये हवा भरताना त्याचा ठरलेला प्रश्न असायचा, "मागं किती जण?" जितकी माणसं तितकी मागच्या टायरला हवा जास्त. शेठ चहा पाजायला म्हणून गेले आणि गोष्ट तिकडं वळवली.

"छोटीच्या गिऱ्हाइकाला विचारतोस का रे, मागं किती जण म्हणून?"

"तिला नाही विचारत. दोन पॉइंट जास्तच भरतो."

"रिकामी असली तरी?"

"रिकामी कधी असते ती?" मिस्त्री काडीनं दात कोरत म्हणाला. "ते बघा की."

शेठनी वळून पाहिलं. त्यांच्याच आवारात अकरा छोट्या ओळीनं उभ्या होत्या, दारं बंद, आत चिटपाखरू नाही. इथून, रस्त्याच्या या बाजूनं, तीस वर्षांत त्यांनी त्या कधी नीट पाहिल्या नव्हत्या. अकराच्या अकरा मागच्या बाजूला किंचित बसलेल्या होत्या. गाडीत कुणी बसलं की बसते तेवढ्याच.

"स्प्रिंगा नरम असतील."

"नव्या टाकल्या तरी तसंच. मी म्हटलं, तिची बैठकच तशी असेल. गाडी चालते ना? चालते. मग कशाला बोलायचं?"

"आणि माझी?"

शेठ स्वतःही छोटीच चालवायचे, लेक आठ वर्षांची असताना घेतलेली. मिस्त्रीनं काडी टाकली.

"तुमचीला आता चार पॉइंट जास्त लागतात. वहिनींच्या त्या शेवटच्या वर्षात दर महिन्याला वाढवावी लागली. मला वाटलं, दवाखान्याचं काहीतरी सामान नेताय मागं. सिलिंडर वगैरे."

सिलिंडर नव्हता. मागं फक्त बायको असायची, आणि त्या वर्षी ती दर महिन्याला कमी होत चालली होती. शेवटी तर शेठ तिला उशी उचलावी तशी उचलून गाडीत ठेवायचे.

३

दोनच दिवसांनी लेक आली. एका प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करायची. नवरा कामाला परगावी, आठवड्यानं यायचा. चार वर्षांच्या मुलीला, छकुलीला, शाळेत सोडून दोन बस बदलून कामावर, आणि संध्याकाळी तेच उलटं. डोळ्यांखाली काळं आलेलं. छकुली खांद्यावर झोपली होती आणि दुसऱ्या खांद्याला तीन पिशव्या.

"बाबा, आता नाही होत माझ्याच्यानं. मास्तरांची गाडी आलीय ना? मिस्त्रीकाका सांगत होते. ती मला द्या."

"ती नको."

"का?"

"अगं, दुसरी बघू. मोठी बघू. ही पांढरी बघ, चार वर्षांचीच आहे. आत ऐसपैस."

"मला ऐसपैस नको. ती पांढरी लावू कुठं, तुमच्या डोक्यावर? छोटी हवी, बंद न पडणारी. तुम्हीच सांगता ना जगाला?"

"सांगतो. पण तुला नको."

तिनं पिशव्या खाली ठेवल्या. "कुठं धडकलीय का?"

"नाही."

"पाण्यात बुडालेली?"

"नाही गं."

"मग? बाबा, काय झालंय त्या गाडीला?"

तीस वर्षं ज्या माणसाला बोलण्यानं कधी दगा दिला नव्हता, त्याला शब्द सापडेना. सांगायचं काय? की मास्तर 'तिघं' म्हणाले? की मिस्त्री हवा जास्त भरतो? हे मोठ्यानं म्हटलं तर लेक डॉक्टरची वेळ घेईल, आणि बरोबरच करेल.

"मला ती पटत नाही," शेठ म्हणाले.

"पटत नाही." तिचा आवाज खाली आला. आईसारखीच होती ती, चिडली की हळू बोलायची. "परक्यांच्या गळ्यात तीस वर्षं तीच मारलीत ना बाबा? हजार तरी असतील. त्यांच्या पोराबाळांना चालली. काहीतरी असेल तर त्यांना का नाही सांगितलंत? आणि काही नसेल तर मला का नाही?"

छकुली झोपेत कुशीवर वळली आणि लेकीनं पाठीला हात लावून तोंड वाकडं केलं.

"पाठ मोडलीय माझी," ती म्हणाली. "एवढंच सांगायला आले होते."

४

घेतलेली प्रत्येक गाडी शेठ एका विशिष्ट पद्धतीनं तपासायचे. इंजिन मिस्त्री बघायचा. शेठ दार लावून पाच मिनिटं मागच्या सीटवर नुसते बसायचे, कारण कुटुंबाच्या गाडीचं खरं काय ते मागं कळतं. पुढं एकटा चालक असतो. मागं भांडणं होतात, ओकाऱ्या होतात, माणसं झोपतात. बसायचे ते नेहमी डाव्या खिडकीशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन डोक्यावर असताना, ते मास्तरांच्या गाडीत जाऊन बसले. दार ओढून घेतलं तसा बाहेरच्या रस्त्याचा आवाज पुसट झाला. आत स्वच्छ फडक्याचा वास. मधला पट्टा लावलेला होता, मोकळ्या सीटवर, नीट, खटक्यात बसवलेला. लोक लावून ठेवतात, लोंबकळू नये म्हणून. समोरचा आरसा मागच्या काचेवर नव्हता, जरा खाली, सीटच्या मध्यावर वळवलेला होता. मास्तरांचे डोळे अधू. आरसा चुकणारच.

शेठना आठवलं की स्वतःचा आरसाही ते दर सकाळी असाच खाली वळवतात. बायको मागं असायची म्हणून सवय लागली होती. मग ती गेल्यावर तीन वर्षं का?

आणि मग तेही आठवलं, जे ते आठवू देत नव्हते. दवाखान्यातून परतताना ती मागं बसायची, खिडकीला गाल टेकून, दाराला इतकी चिकटून की भीती वाटायची दार उघडेल म्हणून. ते म्हणायचे, "आडवी हो ना जरा. अख्खी सीट मोकळी आहे." ती डोळे न उघडता म्हणायची, "जागा कुठंय?" ते हसायचे. आजारी माणूस काहीही बोलतो. शेवटच्या वेळी ती म्हणाली होती, "किती दमलंय हो ते. उठवू नका." त्यांना वाटलं, ती इंजिनाबद्दल बोलतेय.

काचेवर एक माशी आपटत होती. शेठनी ठरवलं, हा खुळेपणा इथंच संपवायचा. पट्टा काढून मधे बसायचं, दोन मिनिटं, आणि संध्याकाळी लेकीला फोन करून गाडी घेऊन जा म्हणायचं. त्यांनी हात टेकला आणि थोडे मधे सरकले.

शेजारची गादी उचलली गेली. फार नाही. बाकावर शेजारचा माणूस आपल्याला जागा द्यायला जरासा उठून सरकतो, तेव्हा आपल्या बाजूची फळी हलते, तितकीच. आणि जिथं ती उचलली होती तिथं त्यांच्या तळव्याला ऊब लागली. ऊन मागच्या काचेतून येत नव्हतं, गाडी शेडखाली होती.

शेठ कधी बाहेर आले ते त्यांना सांगता आलं नसतं. आवारात उभे राहून त्यांनी बराच वेळ हात पँटला पुसला. मिस्त्रीनं पलीकडून हाक मारली, "काय शेठ, विंचू होता काय आत?"

"माशी होती," शेठ म्हणाले.

५

पांढरी मोठी गाडी त्यांनी स्वतः नेऊन लेकीच्या दारात उभी केली. किल्ली तिच्या हातात देताना म्हणाले, "माझ्यासाठी वापर." संध्याकाळी तिचा फोन आला, छकुलीला मागं पाय पसरता येतात म्हणून. शेठ त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

छोट्या विकणं त्यांनी बंद केलं. गिऱ्हाइकं यायची, त्याच मागायची. "आमच्याकडे होती पूर्वी. तशी मजा दुसरीत नाही हो." शेठ म्हणायचे, बुकिंग झालंय. लोक अकरा गाड्यांकडे बघायचे आणि म्हणायचे, सगळ्यांचं? एकानं तर कारण सांगितलं, जे शेठनी तीस वर्षांत विचारलं नव्हतं: "दुसऱ्या गाड्या चांगल्या आहेत, पण रिकाम्या रिकाम्या वाटतात. छोटीत कसं, एकटं असलं तरी दाटीवाटी वाटते."

मास्तरांचाही फोन आला. "शेठ, सहज केला. गाडी गेल्यापासून जेवायला दोघंच बसतो हो." मग स्वतःच दुरुस्त केलं, "आधीही दोघंच बसायचो म्हणा."

आठव्या दिवशी, भर अकराला, पांढरी गाडी आवारात शिरली. लेक उतरली. एकटीच होती, छकुली शाळेत. तिचा चेहरा शेठना लांबूनच कळला. ती भांडायला आली नव्हती, त्या पलीकडं गेली होती.

"काय झालं? बंद पडली?"

"नाही बाबा. चांगली आहे गाडी." तिनं किल्ली टेबलावर ठेवली. "पण मला नाही बसवत तिच्यात. छकुली मागं बसते ना, एवढ्या मोठ्या सीटवर एवढीशी. मला बघवत नाही. कशी एकटी दिसते."

"तू पण एकटीच बसायचीस. एकुलती एक होतीस."

"हो ना. तेच काल रात्री डोक्यात घोळत होतं." ती खुर्चीत बसली आणि डोकं मागं टेकलं. "मागं मी एकटी होते, पण मला एकटं वाटल्याचं आठवतच नाही. उलट जागेवरून भांडल्याचं आठवतं. आई पुढून ओरडायची, मस्ती करू नका. करू नका, म्हणायची. मी एकटी, आणि तिनं 'नका' का म्हणावं?"

शेठनी पांढरीची किल्ली उचलून खणात टाकली.

"मास्तरांची नको तर नको. आपली द्या. तुमची. तिची मला सवय आहे. मी फार दमलेय बाबा, मला ओळखीचं काहीतरी हवंय."

नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांनी लेकीचे डोळे पाहिले. अशा डोळ्यांच्या माणसाला 'नाही' म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. आणि खरं सांगायचं तर तेही दमले होते. तीन वर्षं संध्याकाळी घरी पोचून गाडीला कुलूप लावताना ते आधी मागचं दार उघडून क्षणभर धरतात, मग लावतात, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्तापर्यंत स्वतःलाही नाही.

६

"चक्कर मारून बघू," शेठ म्हणाले. "चालवतो मी. काही वाटलं तर तिथंच सांग, गाडी तिथंच सोडून देऊ."

लेक पुढं बसली नाही. मागचं दार उघडून आत शिरली आणि उजव्या खिडकीशी, तिच्या लहानपणच्या जागेवर, गुडघे आखडून बसली. अंग दाराला चिकटवून. सगळी सीट मोकळी होती.

"मधे बस की ऐसपैस."

"बरी आहे इथं."

"छकुलीला कुठं बसवशील?"

"खिडकीशीच. मधे कशी बसेल ती?" लेक सहज म्हणाली आणि काचेला गाल टेकला.

शेठनी किल्ली फिरवली. छोटी नेहमीसारखी पहिल्या फटक्यात चालू झाली, कुरकुर नाही, धक्का नाही. रस्त्याला लागताना मागून कोण येतंय ते बघायला त्यांनी आरशात पाहिलं. आरसा खाली वळवलेला होता. त्यांनीच सकाळी वळवला असणार.

लेकीचा डावा खांदा खाली गेला होता, ओझं टेकल्यासारखा. त्यावर केस होते. विसकटलेले, घामानं चिकटलेले, लांबच्या प्रवासात झोप लागलेल्या माणसाचे. तोंड दिसलं नाही, ते तिच्या खांद्यात खुपसलेलं होतं. वय कळत नव्हतं. कळला तो फक्त थकवा. किती तरी घरांच्या दारांशी जाऊन, कुठंच न उतरता परत फिरलेल्या माणसाचा. लेक डोळे मिटून होती. तिनं गुंगीतच आणखी थोडं दाराकडं सरकून जागा करून दिली, आणि ती लगेच भरली.

मागून कुणीतरी हॉर्न दिला. शेठनी आरसा वर ढकलला. आता त्यात नुसता रस्ता होता.

"मावतंय ना?" त्यांनी विचारलं. तीस वर्षांची जीभ, दुसरं काय विचारणार?

"मावतंय बाबा," लेक डोळे न उघडता म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज असा निवलेला ऐकू येत होता.

गाडी मागं जड वाटत होती. शेठनी ती रस्त्यापलीकडं मिस्त्रीच्या दारात घेतली. मिस्त्री हवेची नळी ओढत आला, वाकला, मागच्या काचेतून आत बघितलं आणि जरा वेळ तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला. छोटीच्या गिऱ्हाइकाला तो कधी विचारायचा नाही. आज मात्र त्यानं विचारलं, शेठच्या खिडकीशी येऊन, हळू, दवाखान्यात बोलतात तसं.

"शेठ, मागं किती जण?"

लोकांना हाच प्रश्न विचारण्यात शेठचा जन्म गेला होता. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मागं एका लयीत श्वास चालू होते.

"दोघं," शेठ म्हणाले.

मिस्त्रीनं मान हलवली आणि हवा भरायला खाली बसला.